सहा गाणी आणि दोन तट : अ‍ॅलेक्स चिल्टनची ‘फ्यूडलिस्ट टार्ट्स’ नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

अ‍ॅलेक्स चिल्टन या अमेरिकी गायकाचं नाव तुमच्या कानावर नुकतंच पडलं असेल, तर ते बहुधा ‘बिग स्टार’ या बँडमुळे. कुणीतरी ‘सप्टेंबर गर्ल्स’ किंवा ‘थर्टीन’ पाठवलं, ते गाणं दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, आणि मग या माणसाचं आणखी काय काय आहे ते तुम्ही शोधायला लागलात. शोधता शोधता १९८५ सालच्या ‘फ्यूडलिस्ट टार्ट्स’ या सहा गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डपाशी आलात. ती लावली आणि गोंधळलात. गिटारींची ती रुणझुण कुठे गेली? गळ्याशी येणारा तो हुंदका कुठे गेला? इथे एक माणूस पाय पसरून, सैल आवाजात, दुसऱ्यांची जुनी गाणी म्हणतोय.

या गोंधळात तुम्ही एकटे नाही. ही रेकॉर्ड निघाली तेव्हापासून ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. एका बाजूला तिला वाया गेलेल्या गुणी माणसाचा आळस म्हणणारे. दुसऱ्या बाजूला, चिल्टन पहिल्यांदाच मोकळा झाला तो इथे, असं मानणारे. मी पहिल्या तटात कितीतरी वर्षं काढली आणि मग दुसऱ्यात आलो. तुम्हीही यावं असा आग्रह नाही. पण कुठल्याही तटात जायचं तर ऐकून जावं, आणि ऐकायची एक रीत आहे. ती खाली पायरीपायरीने मांडतो. एका आठवड्यात, रोज अर्धा-पाऊण तास दिलात तर सहज होईल.

आधी एक शब्द समजून घ्या. ही रेकॉर्ड ‘ईपी’ आहे. सिंगलवर दर बाजूला एक गाणं, एलपीवर दहा-बारा, आणि यांच्या मधली ती ईपी. साधारण चार ते सहा गाणी असतात. छोट्या कंपनीला ती परवडते, आणि बऱ्याच काळाने परतणाऱ्या गायकाला पाणी किती खोल आहे ते बघता येतं. ‘फ्यूडलिस्ट टार्ट्स’ फ्रान्समधल्या ‘न्यू रोझ’ या छोट्या कंपनीने काढली, अमेरिकेत ती ‘बिग टाइम’कडून आली. मोठ्या कंपन्या चिल्टनच्या दारात उभ्या नव्हत्या, एवढं त्यावरून कळतं.

पायरी १ : त्याचे तीन आवाज ओळखा

एका संध्याकाळी फक्त तीन गाणी ऐका. सगळी ईपी अजून लावू नका.

पहिलं, ‘द लेटर’. साल १९६७, बँड ‘बॉक्स टॉप्स’, गाव मेम्फिस. चिल्टनचा जन्म डिसेंबर १९५०चा, म्हणजे हे गाताना तो सोळा वर्षांचा होता. गाणं दोन मिनिटांचंही नाही, आणि ते अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शेवटी विमानाचा आवाज येतो, तो निर्माते डॅन पेन यांनी घातलेला. पण तुम्ही आवाजाकडे लक्ष द्या. घोगरा, खरखरीत, तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा वाटावा असा. हा आवाज त्याला गायला लावलेला आवाज होता. गाणी दुसऱ्यांची, वादक बऱ्याचदा स्टुडिओचे आणि निर्णय निर्मात्यांचे.

दुसरं, ‘सप्टेंबर गर्ल्स’, बिग स्टारच्या ‘रेडिओ सिटी’ या १९७४च्या एलपीवरचं. तोच माणूस, पण आवाज आता उंच, बारीक, काचेसारखा. जरा जोरात धरला तर तडकेल असं वाटतं. ‘बिग स्टार’ १९७१मध्ये मेम्फिसच्या ‘आर्डेंट’ स्टुडिओच्या आसऱ्याने उभा राहिला. सोबत ख्रिस बेल, अँडी हमेल आणि ड्रमवर जोडी स्टीफन्स. पहिली एलपी १९७२ची. समीक्षकांनी वाखाणली, पण ती दुकानांत पोचलीच नाही. वितरण ‘स्टॅक्स’ या रेकॉर्ड कंपनीकडे होतं आणि स्टॅक्सचाच गाडा तेव्हा खड्ड्यात चालला होता. बेल १९७२ संपता संपता बाहेर पडला आणि डिसेंबर १९७८मध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या २७व्या वर्षी. तिसरी एलपी १९७४मध्ये मुद्रित झाली आणि निघाली १९७८मध्ये, बँड संपून गेल्यावर.

हा इतिहास मुद्दाम सांगतोय. बिग स्टारवर जीव जडलेला ऐकणारा त्या गाण्यांबरोबर ही शोकांतिकाही जवळ बाळगतो. न खपलेल्या रेकॉर्डी, मेलेला मित्र, उशिरा मिळालेलं नाव. त्याला चिल्टन दुःखी हवा असतो.

तिसरं गाणं ईपीवरचं, ‘लॉस्ट माय जॉब’, आणि तेही एकदाच, घाईने मत न बनवता. इथला आवाज ना घोगरा ना काचेचा. बोलल्यासारखा. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा. मधल्या काळात काय झालं ते माहीत असू द्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चिल्टन मेम्फिस सोडून लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला गेला, दारू सोडली, गाणं जवळजवळ थांबवलं, आणि पोटासाठी हॉटेलात भांडी घासली, झाडं छाटायची कामंही केली. नोकरी गेल्याचं गाणं म्हणणाऱ्या या माणसाला नोकरी म्हणजे काय ते हाताने माहीत होतं. तरी गाण्यात रडगाणं नाही. मला आज त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पायरी २ : आपण काय मागायला आलो ते कागदावर लिहा

छोटी पायरी आहे, पण गाळू नका. एका ओळीत लिहा : मला या रेकॉर्डकडून काय हवंय? माझ्या वहीत जुनं वाक्य आहे, ‘अजून एक सप्टेंबर गर्ल्स’. ते वाक्य दिसल्यावर मला कळलं की मी रेकॉर्ड ऐकतच नव्हतो, ती काय नाहीये तेवढंच मोजत होतो. कागद बाजूला ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

पायरी ३ : मूळ गाणी आधी ऐका

ही पायरी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मोलाची. दोन संध्याकाळी द्या.

ईपीवरच्या गाण्यांत मोठा वाटा दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे. नाराज ऐकणाऱ्याची मुख्य तक्रार हीच : ‘थर्टीन’ लिहिणाऱ्या माणसाने उसनी गाणी का म्हणावीत? ही तक्रार मनात असतानाच मूळ गाणी शोधून ऐका.

पहिलं ‘बी-ए-बी-वाय’, कार्ला थॉमस, १९६६. लिहिणारे आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर, कंपनी स्टॅक्स, गाव पुन्हा मेम्फिसच. म्हणजे चिल्टन पंधरा वर्षांचा असताना त्याच्याच गावात तयार झालेलं गाणं. पुढे ज्या स्टॅक्सच्या वितरणात बिग स्टार अडकून बुडाला, त्याच स्टॅक्सचं हे गाणं तो १९८५मध्ये हसतमुखाने म्हणतोय. कार्लाचं गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त तिचा आवाज. दुसऱ्यांदा फक्त बास. तिसऱ्यांदा पाय ठेका धरतो तो नेमका कुठे धरतो ते बघा. मग चिल्टनचं लावा. कार्ला लाडिक आहे, आतून उमलणारी. चिल्टन लाडात येत नाही. बाईने म्हणायचं गाणं तो तसंच, फारशी उलटापालट न करता म्हणतो. ‘मी किती भावनेने गातोय बघा’ असा कुठेही आव नाही. शब्द सोडून देतो आणि ठेक्याला काम करू देतो. पहिल्या ऐकण्यात हा निष्काळजीपणा वाटतो. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येतं की शब्द दर वेळी त्याच जागी, त्याच बेताने मागे पडतोय. निष्काळजी माणसाला हे जमत नाही.

दुसरं, स्लिम हार्पो. लुइझियानाच्या बॅटन रूज भागातला ब्लूज गायक, हार्मोनिका वाजवणारा, जरा नाकात गाणारा. रोलिंग स्टोन्सनी १९६४च्या पहिल्याच एलपीत त्याचं गाणं घेतलं होतं. ईपी उघडते ती हार्पोच्या दोन गाण्यांच्या जोडगोळीने, ‘टी नी नी नी नू’ आणि ‘टिप ऑन इन’. हार्पोचं गाणं म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. कुणाला कसली घाई नाही. ते ऐकल्यावर चिल्टनचा सैलपणा कुठून आला ते आपोआप कळतं. तो आळस नाही, ती एक गायकी आहे, लुइझियानात मुरलेली. चिल्टन तिथे राहायला गेला होता आणि तिथलं गाणं शिकत होता.

तिसरं, ‘थँक यू जॉन’. साठच्या दशकातलं, न्यू ऑर्लिन्सच्या विली टी याचं. माझ्या मते ईपीवरचं सगळ्यात सुंदर गाणं हे. विली टीचं मूळ गाणं मऊ आणि डौलदार चालीने जातं. चिल्टनने तो डौल ठेवला आणि मऊपणा थोडा पुसला. गिटारकडे कान द्या. गायच्या दोन ओळींच्या मधे ती दोन-तीन स्वरांत उत्तर देते आणि लगेच गप्प होते. बिग स्टारमधली गिटार भिंत भरून टाकायची. इथली फक्त हुंकार देते.

मराठी ऐकणाऱ्याला इथे एक सोय आहे, आणि ती मी फार उशिरा वापरली. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याला ‘ही बंदिश तुमची स्वतःची का नाही?’ असं कुणी विचारत नाही. बंदिश पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, आपण बघतो ती मांडणी, लगाव, सम गाठायची रीत. तेच नाट्यपद चार गायकांकडून ऐकायला आपल्याला कंटाळा येत नाही. मग चिल्टन स्लिम हार्पो म्हणतो तेव्हा आपण अचानक ‘स्वतःचं काही सुचत नाही वाटतं’ असं का म्हणतो? कारण रॉकचं कौतुक करायला आपण जी मापं शिकलो, त्यात गाणं लिहिणारा मोठा आणि गाणारा दुय्यम. ते माप तरी सगळीकडे कुठे लागू पडतं? बीटल्सच्या १९६३च्या पहिल्या एलपीवर चौदा गाणी आहेत, त्यांतली सहा दुसऱ्यांची. बिग स्टारच्या ज्या तिसऱ्या एलपीवर लोक जीव ओवाळून टाकतात, तिच्यावरही व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं ‘फाम फताल’ आहे. त्यावर कुणी बोट ठेवत नाही, कारण ते दुःखी सुरात म्हटलंय.

पायरी ४ : आता सगळी ईपी, सलग

अर्धा तासही लागणार नाही. पण काही पथ्यं पाळा.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. या रेकॉर्डचा जीव बास आणि ड्रम यांच्या मधल्या जागेत आहे, आणि मोबाइल नेमका तोच खालचा भाग खाऊन टाकतो. साधे वायरचे हेडफोन चालतील. बास वाजवतोय रेने कोमन, ड्रमवर डग गॅरिसन, आणि गिटार खुद्द चिल्टनची. मूळ त्रिकूट एवढंच. वर सॅक्सोफोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं येतात-जातात. तिघांच्या मधे इतकी हवा आहे की एकाने स्वर गाळला तर लगेच कळतं.

पहिल्या फेरीत काही लिहू नका. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, आणि त्या फेरीत फक्त ड्रम ऐका. माझ्यापुरतं सांगतो, ही रेकॉर्ड मला उलगडली ती अशाच एका फेरीत. रात्रीची शेवटची बस, खिडकीची काच खडखडत होती, कानात ‘थँक यू जॉन’. काचेची खडखड आणि गॅरिसनची काठी काही क्षण एका लयीत आली आणि मी पहिल्यांदा चिल्टनच्या आवाजाची वाट न बघता गाणं ऐकलं. तोवर मी फक्त आवाजाला कान लावून बसलो होतो. आवाजात हुंदका आला की गाणं चांगलं, नाही आला की फसलं, एवढाच माझा हिशोब होता.

रेकॉर्ड मिळवायची कशी, तर मूळ प्रत शोधत फिरू नका. ‘बार-नन’ कंपनीने २०१९मध्ये ‘फ्रॉम मेम्फिस टू न्यू ऑर्लिन्स’ नावाचा संग्रह काढला आहे, त्यात चिल्टनच्या ऐंशीच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांतली निवडक गाणी आहेत. सुरुवातीला तेवढं पुरे. मात्र संग्रहात क्रम बदललेला असतो, म्हणून ईपीची गाणी तिच्या मूळ क्रमाने लावून ऐका. हार्पोच्या जोडगोळीने दार उघडतं ते उगाच नाही.

पायरी ५ : आता लोक काय म्हणतात ते ऐका, पण चाळणी लावून

इथवर आलात की तुमचं स्वतःचं काहीतरी झालेलं असेल. आता दोन्ही बाजूंचं ऐका. मतं वाचताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : हा माणूस कुठल्या दाराने आत आला? बहुतेक भांडण तिथेच सुटतं.

बिग स्टारच्या दाराने आलेल्यांची नाराजी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रामाणिक. त्यांना खोटं पाडू नका. त्यांचं म्हणणं असं की सूर जुळवून रचलेली, तीन मिनिटांत आख्खं तारुण्य कोंबणारी गाणी लिहायची कला फार थोड्यांकडे असते, आणि ज्याच्याकडे आहे त्याने ती खुंटीला टांगून ठेवावी याचं वाईट वाटतं. मलाही वाटतं. ‘सप्टेंबर गर्ल्स’ १९८६मध्ये बँगल्सनी गायलं आणि बिग स्टारच्या मूळ रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त घरांत पोचलं. १९८७मध्ये रिप्लेसमेंट्सनी चक्क ‘अ‍ॅलेक्स चिल्टन’ नावाचं गाणं केलं. आख्खी नवी पिढी त्याला तसली गाणी मागत होती, आणि तो स्टेजवर स्लिम हार्पो म्हणत होता. हा राग समजण्यासारखा आहे. फक्त हा राग रेकॉर्डवरचा नाही, न लिहिलेल्या गाण्यांवरचा आहे. वाचताना हे दोन वेगळे करा.

दुसरं दार, ‘लाइक फ्लाइज ऑन शर्बर्ट’. चिल्टनची १९७९ची ही एलपी विस्कटलेली, बेताल, मोडकळीला आलेल्या घरासारखी आहे, आणि तिचे स्वतंत्र भक्त आहेत. त्यांना ‘फ्यूडलिस्ट टार्ट्स’ उलट्या कारणाने नकोशी वाटते. त्यांच्या लेखी ती फार नीटनेटकी, फार शहाणी. एकाच रेकॉर्डवर एक जण ढिसाळ म्हणून रागावतो आणि दुसरा नेटकी म्हणून. असं दिसलं की समजावं, दोघेही मागच्या रेकॉर्डीशी बोलताहेत.

तिसरं दार सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजचं, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी गाण्यांचं. हे लोक संख्येने कमी, पण मला त्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. त्यांना चिल्टनच्या दुःखाशी देणंघेणं नाही. ठेका बसलाय का, गिटार कमी बोलतेय का, मूळ गाण्याचा मान राहिलाय का, एवढंच ते बघतात. त्यांच्यातही सगळे खूश नाहीत. ‘कार्ला थॉमस असताना हे कशाला?’ असं म्हणणारे भेटतील, आणि ‘बी-ए-बी-वाय’पुरतं मला त्यांचं थोडंसं पटतं. चिल्टनचं ते गाणं गोड आहे, पण कार्लाचं ऐकल्यावर त्याची आठवण राहत नाही. ‘थँक यू जॉन’ मात्र मूळ गाण्यासमोर ताठ उभं राहतं.

अजून एक मत वारंवार दिसेल : ‘चांगली आहे, पण छोटी, किरकोळ.’ या मताने मला नेहमी चीड येते. आकाराने लहान म्हणजे किरकोळ नव्हे. ज्याच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याला दोन मिनिटंही लागली नाहीत, त्याच्याबाबतीत तरी हे माप वापरू नये. दुसरी गोष्ट, ही ईपी घसरत चाललेल्या माणसाची नाही. सावरून उभ्या राहिलेल्याची आहे. वर्षानुवर्षांच्या गप्पपणानंतर पहिलं वाक्य बोलणारा माणूस मोठं भाषण करत नाही.

मत वाचताना काही खुणा लक्षात ठेवा. ज्या मतात एकाही गाण्याचं नाव नाही, ते सोडून द्या. ‘वाया घालवलेली प्रतिभा’ हे शब्द आले की पुढच्या वाक्यात रेकॉर्डबद्दल काही आहे का ते बघा, बहुतेक वेळा नसतं. आणि बिनशर्त स्तुतीलाही हीच चाळणी लावा. ‘तो मनाला येईल तेच करायचा, म्हणून थोर’ ही गाण्याची पारख नाही. मनाला येईल ते करून वाईट रेकॉर्डही निघते.

आता दुसऱ्या पायरीचा कागद काढा आणि त्याखाली दुसरी ओळ लिहा : मिळालं काय? हवं होतं ते आणि मिळालं ते, या दोन ओळींतलं अंतर म्हणजे तुमचं मत. कुणाशी वाद झाला तर ते दोन्ही वाक्यांत सांगा, नुसतं ‘आवडलं’ किंवा ‘भंकस’ म्हणू नका.

पायरी ६ : शेजारच्या ईपी

चिल्टनने ईपीच्या आकारात बरंच काम केलंय, म्हणून शेजारीपाजारी बघितल्याशिवाय घराचा अंदाज येत नाही.

१९७७ची ‘सिंगर नॉट द साँग’ न्यूयॉर्कच्या ‘ऑर्क’ कंपनीची. नावाचं गाणं रोलिंग स्टोन्सचं. ती ऐकताना दात-ओठ खाऊन गाणारा, हताश माणूस दिसतो. १९८५चा सैलपणा किती कष्टाने कमावलेला आहे ते कळण्यासाठी ही ऐका. एकदा पुरे.

१९८६ची ‘नो सेक्स’ तीनच गाण्यांची. एड्सच्या भीतीचा काळ, आणि त्यावर थेट, उघड्या शब्दांतलं गाणं. काहींना ते उथळ वाटतं, मला वाटत नाही. सगळे कुजबुजत होते ते त्याने मोठ्याने म्हटलं. पण माझा कौल त्याच ईपीवरच्या ‘अंडरक्लास’ला. ‘लॉस्ट माय जॉब’च्या पाठोपाठ लावा, दोन्ही गाणी एकाच वस्तीतली आहेत.

१९८९ची ‘ब्लॅक लिस्ट’ तुलनेने विखुरलेली. मोटारीचं गाणं, सिनात्राच्या ढंगाचं ‘नाइस अँड ईझी’, सगळं एका ताटात. तिच्यातलं एक गाणं मात्र चुकवू नका, ‘आय विल टर्न युअर मनी ग्रीन’. ते फरी लुइसचं. फरी लुइस मेम्फिसचा ब्लूज गायक, वर्षानुवर्षं त्याच शहराचे रस्ते झाडायची नोकरी केलेला. रस्ते झाडणाऱ्या गायकाचं गाणं भांडी घासून आलेल्या गायकाने म्हणावं, हा योगायोग मला वाटत नाही. चिल्टन कुणाच्या रांगेत उभा राहू पाहत होता, हे मला या गाण्याने नीट दाखवलं.

पायरी ७ : परत ‘रेडिओ सिटी’ लावा

बरेच जण सहाव्या पायरीवर थांबतात. थांबू नका.

ज्या एलपीने सुरुवात केली, तीच पुन्हा काढा. पण यावेळी ‘सप्टेंबर गर्ल्स’वर उडी मारू नका. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं लावा, ‘ओ माय सोल’. पाच मिनिटांहून लांब. गिटार झटके देत, तुटक तुटक वाजते, ड्रम अधेमधे अडखळवतात, आणि चिल्टन ठेक्याच्या मागे-पुढे खेळतो. नावातच ‘सोल’ आहे. आम्ही बिग स्टारवाले कितीतरी वर्षं हे गाणं ‘मुख्य गाणी सुरू व्हायच्या आधीचं’ म्हणून पुढे ढकलत आलो. त्यानंतर त्याच एलपीवरचं ‘मॉड लँग’ ऐका. जुन्या ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या बोलांचे तुकडे त्यात सरळ ऐकू येतात, तुमचे कान आता तयार झालेत म्हणून.

मग ‘ओ माय सोल’ आणि ‘टी नी नी नी नू’ ही दोन गाणी लागोपाठ लावा. मधे अकरा वर्षं आहेत. दोन्हींत उजव्या पायाचा अंगठा कुठल्या मात्रेवर हलतो तेवढं बघा.